रात्रीची घूंऽऽ : सापडत नसलेल्या आवाजाचा माग कसा काढायचा, आणि तोपर्यंत कसं राहायचं

घरातले सगळे झोपलेले असतात आणि तुम्हाला एकट्यालाच ऐकू येत असतं. लांब कुठेतरी कुणीतरी ट्रक चालू ठेवून उभा केलाय, असा जाड, खालच्या पट्टीतला आवाज. खिडकी उघडली की कमी वाटतो, लावली की वाढतो. सकाळी विचारलं तर घरचे म्हणतात, "कसला आवाज? तू जरा लवकर झोपत जा."

हा लेख अशा माणसासाठी आहे. मी नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहते. माझ्या आवाजाचा अर्धा भाग सापडला आणि बंदही झाला. उरलेला अर्धा अजून आहे. आमच्या ह्यांना तो आजतागायत ऐकू आलेला नाही.

आधी एक दिलासा. हा प्रकार जगभर झालेला आहे आणि त्याचे तीन शेवट दिसतात. कॅनडातल्या विंडसर शहरात २०११ पासून लोक घुमणाऱ्या आवाजाने हैराण होते. नदीपलीकडे, अमेरिकेच्या हद्दीतल्या झुग बेटावरच्या पोलाद कारखान्यावर संशय होता. २०२० मध्ये तिथल्या भट्ट्या थंड झाल्या आणि आवाज थांबला. दुसरं गाव अमेरिकेतलं कोकोमो. तिथे २००३ च्या तपासात दोन यंत्रं सापडली : एका कूलिंग टॉवरचे पंखे ३६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३६ कंपनांनी, घुमत होते आणि एका काँप्रेसरचं हवा ओढणारं तोंड १० हर्ट्झला. दोन्हींवर उपाय झाले, तरी काही लोकांचा त्रास गेला नाही. तिसरं टाओस, न्यू मेक्सिकोमधलं. तिथे १९९३ मध्ये विद्यापीठ आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून शोध घेतला. पाहणीत साधारण २ टक्के लोकांनी आवाज येतो असं सांगितलं, पण उगम सापडला नाही. सापडला, अर्धा सापडला, नाही सापडला. तुमचंही यातलंच काहीतरी होणार आहे, म्हणून शोध आणि झोप या दोन्हींची तयारी पहिल्या दिवसापासून एकत्र करा. शोध संपल्यावर झोपू, असं ठरवलंत तर आवाजाआधी तुम्हीच संपाल.

क्रम मात्र मोडू नका : आधी कान, मग घर, मग बिल्डिंग, मग बाहेर. बहुतेक लोक उलट सुरुवात करतात. पहिल्याच रात्री "हे एमआयडीसीचंच काम आहे" असं ठरवतात, आणि फ्रिज मागे भिंतीला टेकून गुरगुरत असतो.

१. वही घाला

साधी शाळेची वही. मोबाईलमध्ये लिहू नका, रात्री दोनला स्क्रीन उघडली की झोप गेलीच. रकाने एवढेच : तारीख, वेळ, कुठली खोली, खिडकी उघडी की बंद, वीज होती का, हवा कशी (थंडी, वारा, पाऊस), आवाज १ ते ५ मध्ये किती, आणि एकसारखा होता की चढउताराचा.

लोक फक्त आवाज आला तेव्हा लिहितात. नव्हता तेव्हा लिहिणं जास्त महत्त्वाचं. "आज रात्री दोनला जाग आली, काहीच नाही" ही नोंद पुढे सोन्याच्या मोलाची ठरते, कारण त्या रात्री कुठलं यंत्र बंद होतं एवढंच मग शोधायचं उरतं. दिवाळीच्या सुट्टीत बरेच कारखाने बंद असतात. पाडव्याच्या पहाटे फटाके थांबल्यावर उठून बसा आणि ऐका. परिसरातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी असते तेही विचारून ठेवा.

नाशिककरांसाठी एक खास फसवणूक सांगते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी असते, निफाडचा पारा तर दरवर्षी पेपरात येतो. अशा रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर त्यामानाने उबदार हवा असा थर बसतो. वर जाणारा आवाज त्यामुळे पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोचतो. म्हणजे आवाज करणारं यंत्र वर्षभर चालू असेल, पण तुम्हाला ते हिवाळ्यातच ऐकू येईल. आणि नेमका याच सुमारास द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड भागातली प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजची काँप्रेसर तेव्हा रात्रंदिवस चालतात. जानेवारीत आवाज वाढला म्हणून लगेच कोल्ड स्टोरेजवर बोट दाखवू नका, आणि ते नसेलच असंही धरू नका. हंगाम संपल्यावर, मे महिन्यात वही काय म्हणते ते पाहा.

२. कान तपासून घ्या

याचा राग येऊ देऊ नका. "तुमच्या डोक्यात आहे" असं कुणी म्हणालं की आपण कान तपासायला जाणंच टाळतो, आणि तिथेच महिने वाया जातात. कानात मळ साठणं, कानातल्या कानात आवाज येणं, मेनिएर्सचा आजार (कानाच्या आतल्या भागाचा), रक्तदाब, काही औषधं यांनीही घुमल्यासारखं होतं. सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होईल. हा तपास नेहमी २५० ते ८००० हर्ट्झ एवढाच असतो, काही ठिकाणी १२५ पासून. तुमचा आवाज बहुधा १०० च्या आसपास किंवा त्याखाली आहे. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ आवाज खराच बाहेरून येतोय असा होत नाही, आणि तुम्ही कल्पना करताय असाही नाही. रिपोर्ट मात्र जपून ठेवा, तक्रारीच्या वेळी लागतो.

थांबू नये अशा दोन गोष्टी आहेत. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर तेही लवकर दाखवा.

घरी करण्यासारख्या चाचण्या :

मुक्कामाला जा. इगतपुरी, त्र्यंबक, कुणाचा मळा, कुठेही जिथे रात्री खरंच शांत असतं. आवाज तिथेही तसाच, त्याच पट्टीत आला तर कानाचा संशय वाढतो. एका मुक्कामावरून निकाल देऊ नका. मळ्यावरही मोटार असते.

सूर जुळवा. मोबाईलमध्ये टोन जनरेटर अॅप घ्या, फोन वूफर असलेल्या स्पीकरला जोडा आणि अगदी हळू आवाजात ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत वर सरका. तुमच्या आवाजाशी जुळेल तिथे थांबून आकडा लिहा. मग एखादा हर्ट्झ इकडेतिकडे करा. दोन खरे आवाज जवळच्या पट्टीत असले की ते मिळून हलकेच चढतात-उतरतात, झुलल्यासारखं होतं. ते झुलणं ऐकू आलं तर आवाज बाहेरचा असण्याची शक्यता बरीच वाढते. कानातल्या आवाजाबरोबर ते सहसा होत नाही. मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे करू नका, इतक्या खालचा आवाज त्यातून निघतच नाही. निघतो तो वरच्या पट्टीतला खरखरीत भाग, आणि माणूस त्याच्याशी जुळवत बसतो.

कानात बोळे घालून बघण्याची चाचणी मात्र सोडून द्या. जाड आवाज बोळ्यांना फारसा जुमानत नाही आणि कानातला आवाज बोळ्यांनी उलट वाढतो. दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

३. मेन स्विच पाडा

रात्री एक-दीड वाजता, घरच्यांना सांगून. घरात कुणाला ऑक्सिजनचं मशीन वगैरे लागत असेल तर हे करू नका.

मेन पाडला की इन्व्हर्टर चालू होतो, आणि जुन्या पद्धतीचा इन्व्हर्टर स्वतःच चांगला घुमतो. त्यामुळे मेन पाडून आवाज गेला नाही म्हणून लोक घराला क्लीन चिट देतात, आणि आवाज जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा असतो. तोही त्याच्या बटणावर बंद करा. मग पाच मिनिटं गप्प बसा. फ्रिज, पंखे, सेट-टॉप बॉक्स, सगळं थांबल्यावर कान जुळायला तेवढा वेळ लागतो.

आवाज गेला तर नशीबवान आहात. एकेक एमसीबी वर करत जा, गुन्हेगार सापडेल. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फिशटँकच्या पंपाखाली जाड रबर घाला. पंख्याचा रेग्युलेटर बदला. हे एवढ्यावर मिटलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

४. बिल्डिंग, आणि त्यातही पंप

माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. कारण इथे आवाज हवेतून येत नाही, स्लॅब आणि कॉलममधून येतो. त्यामुळे गच्चीवरचा पंप दुसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये ऐकू येतो आणि चौथ्या मजल्यावर नाही. शेजारणीला येत नाही म्हणून तो नाही, असं होत नाही.

संशयितांची यादी : खालच्या टाकीचा पंप, गच्चीवरचा प्रेशर पंप, लिफ्टची मोटार, सांडपाणी शुद्धीकरणाचा ब्लोअर, शेजारच्या फ्लॅटच्या एसीचं बाहेरचं युनिट, गच्चीवर मोबाईल टॉवर असेल तर त्याच्या केबिनचा एसी आणि जनरेटर, तळमजल्यावर गिरणी किंवा बेकरी.

ब्लोअरकडे विशेष लक्ष द्या. मोठ्या सोसायट्यांत तो दिवसरात्र चालावा लागतो, जिवाणूंना हवा हवी म्हणून. तो बंद करा, अशी मागणी करू नका. कमिटी नाही म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. त्याखाली पॅड घाला, सायलेन्सर तपासा, बेअरिंग बघा, असं सांगा.

आता स्क्रूड्रायव्हर. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सगळी नोकरी अंबडला फिटर म्हणून केली. त्यांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणला, टोक पाण्याच्या पाइपावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग क्लॅम्पवर. मग कॉलमवर. बेअरिंग गेलंय का ते कारखान्यात असंच बघतात. ते म्हणाले, "पाइप बोलतोय, पण जास्त क्लॅम्प बोलतोय." प्रेशर पंप गच्चीच्या स्लॅबवर थेट बोल्टने आवळलेला होता, आणि त्याचा पाइप लोखंडी क्लॅम्पने कॉलमला जखडला होता. मधे रबर म्हणून काही नाही. पंप घरघरला की अख्खा कॉलम घरघरायचा. स्क्रूड्रायव्हर नको असेल तर डॉक्टरांचा साधा स्टेथोस्कोप घ्या. फिरत्या भागाजवळ मात्र दोन्ही नेऊ नका.

पंप रात्री चालतोच कशाला, हा प्रश्न मग आला. प्रेशर पंपाचं काम दाब पडला की चालू व्हायचं. कुणी पाणी वापरत नसताना दाब पडतो तो गळतीने. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लशमधून बारीक धार सतत वाहत होती. त्या धारेमुळे पंप रात्रभर थोड्या थोड्या वेळाने उठायचा आणि बसायचा. फ्लशचं वायसर बदललं, पंपाखाली रबरी पॅड आले, पाइपात लवचीक जोड बसला, क्लॅम्पला रबर लागलं. बहुतेक सोसायट्यांत काम एवढंच असतं. कमिटीला ते साउंडप्रूफिंगपेक्षा किती स्वस्त पडतं ते एकदा कोटेशन मागवून दाखवा, वाद मिटतो.

साउंडप्रूफिंगवरून आठवलं. भिंतीला फोम, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे, यावर एक रुपया घालवू नका. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. दोन इंचाचा फोम तिला काही करत नाही. तो वरच्या पट्टीतले आवाज शोषतो, खोली एकदम शांत होते, आणि तुमची घूं आणखी उघडी पडते. दुकानदार हे सांगणार नाही.

५. बाहेरची फेरी

रात्री एक ते चार. एकट्याने जाऊ नका, वॉचमनला सांगून जा, कुत्र्यांसाठी काठी बरोबर ठेवा. पोलिसांच्या गाडीने हटकलं तर खरं कारण सांगा. जरा विचित्र नजरेने बघतात, पण सोडतात.

खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही. लाट डोक्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याने दोन्ही कानांना जवळपास सारखंच ऐकू येतं. म्हणून "तिकडून येतोय" या भावनेवर भरवसा ठेवू नका. कागदावर गल्ल्यांचा नकाशा काढा, ठिकठिकाणी थांबा आणि १ ते ५ असा आकडा टाका. उघड्यावर ऐकू येत नसेल तर गाडीत बसा, काचा वर, इंजिन बंद. खिडकी उघडल्यावर आवाज कमी का होतो त्याचं कारणही हेच : आवाज कमी होत नाही, रस्त्याचे आणि रातकिड्यांचे आवाज त्याला झाकतात.

काय शोधाल? रस्त्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत, तेव्हा रात्रीची यंत्रंही आली. सातपूर, अंबडच्या कडेला राहत असाल तर कारखान्यांचे कूलिंग टॉवर, ब्लोअर आणि काँप्रेसर. लॉन्स आणि हॉस्पिटलांचे जनरेटर.

वीज जाण्याची वाट बघा, फुकटचा प्रयोग आहे तो. तुमच्या भागाची वीज गेली आणि आवाजही गेला, तर उगम त्याच लाइनवर आहे. वीज जाऊनही राहिला, तर जनरेटर, दुसऱ्या फीडरवरचं यंत्र किंवा तुमचा कान. एमआयडीसीच्या अनेक कारखान्यांना वेगळी लाइन असते. तुमच्याकडे अंधार झाला म्हणून तिकडे यंत्रं थांबलीच असं नाही.

६. मोजा, आणि आकडे वाचायला शिका

अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइडसारखं अॅप घ्या. ते आवाजाची पट्टीनिहाय उंची दाखवतं. फोन गादीवर ठेवा, टेबलावर नको, टेबल स्वतः थरथरतं. चार्जर काढून ठेवा. चार्जिंगवर असलेल्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये विजेचाच ५० चा आवाज घुसतो आणि तुम्ही आनंदाने "सापडला!" म्हणता. फोनचा माइक खालच्या पट्टीत कच्चा असतो, त्यामुळे डेसिबलच्या आकड्यावर विश्वास नको. शिखर कुठल्या हर्ट्झवर आहे तेवढं घ्या. ते बहुतेक बरोबर असतं.

त्या आकड्यावरून यंत्राची जात कळते. बरोबर १०० आणि अजिबात न हलणारा असेल तर ट्रान्सफॉर्मर : आपली वीज ५० हर्ट्झची, त्याचा गाभा त्याच्या दुपटीने थरथरतो. ४८ च्या आसपास असेल तर २८८० फेऱ्यांची मोटार, म्हणजे बहुतेक पंप. २४ च्या आसपास म्हणजे १४४० फेऱ्यांची. हिशोब सोपा आहे : पाटीवरचे आरपीएम भागिले ६०. १५०० फेऱ्यांच्या जनरेटरला चार सिलिंडर असतील तर ५०, सहा असतील तर ७५. रात्रीतून आकडा वरखाली सरकत असेल तर वेग बदलणारी मोटार किंवा इंजिन. आणि आवाज दर दोन सेकंदांनी फुगतो-ओसरतो असं वाटत असेल, तर बहुधा दोन यंत्रं आहेत, अर्ध्या हर्ट्झच्या फरकाने चालणारी. ४८ आणि ४८.५ मिळून तेच करतात.

खोलीतही फिरून बघा. ११ फुटांची खोली ५० हर्ट्झला नेमकी घुमते : समोरासमोरच्या भिंतींशी आवाज मोठा, मधोमध जवळजवळ गायब. बरोबर ५० किंवा ४८ चा आवाज असलेल्यांना म्हणून वाटतं की भिंतीतून येतोय. भिंत निर्दोष असते.

पक्कं मोजमाप हवं असेल तर ध्वनी सल्लागाराला बोलवा, पण बोलावण्याआधी विचारा : "वन-थर्ड ऑक्टेव्ह (म्हणजे आवाज बारीक पट्ट्यांत वेगळा करून) मोजणार का? सी-वेटिंगही देणार का?" नुसता डीबीएचा एक आकडा देणार असेल तर पैसे वाचवा. कारण पुढे सांगते. इंजिनीअरिंग कॉलेजांच्या मेकॅनिकल विभागात बऱ्याच ठिकाणी एफएफटी अॅनालायझर, म्हणजे आवाज पट्टीनिहाय वेगळा दाखवणारं यंत्र, असतं. प्रोजेक्टच्या शोधात असलेली मुलं भेटली तर दोघांचंही काम होतं.

७. तक्रार

इथे सगळे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबीए. रात्र म्हणजे १० ते ६. मर्यादेपेक्षा १० किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. प्रश्न त्या "ए" मध्ये आहे. ए-वेटिंग म्हणजे कानाच्या सर्वसाधारण संवेदनेप्रमाणे खालच्या पट्टीला कात्री. ५० हर्ट्झला ती कात्री ३० डेसिबलची आहे. तुमच्या बेडरूममध्ये ५० हर्ट्झचा ६० डेसिबलचा आवाज असेल, म्हणजे झोप उडवणारा, तर मीटर ३० दाखवतं. अधिकारी येतो, ३० लिहितो, "मर्यादेत आहे" म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नसतो. सी-वेटिंग खालच्या पट्टीला फारशी कात्री लावत नाही, त्यात हाच आवाज जवळपास ५९ दिसतो. डीबीसी आणि डीबीएमधली ही दरी हाच तुमचा पुरावा. म्हणून अर्जात मोजमापाची पद्धत आधीच लिहा : रात्री, बेडरूममध्ये, खिडक्या बंद, ए आणि सी दोन्ही, वन-थर्ड ऑक्टेव्हसह.

अर्ज कुठे :

सोसायटीचा पंप, ब्लोअर, लिफ्ट असेल तर कमिटीला लेखी, पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं मीटिंगच्या चहाबरोबर संपतं.

डीपी घुमत असेल तर महावितरण, १९१२. तक्रार क्रमांक लिहून घ्या. सैल पत्रा किंवा नटबोल्ट असेल तर लाइनमन आवळून जातो.

कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, सातपूरला उद्योग भवनात. प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्रात आवाजाच्या अटी असतात. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर त्याची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बांधकामाचे पंप किंवा रात्रीचा जनरेटर असेल तर महापालिका आणि पोलीस. १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवरणापासून १ मीटरवर ७५ डीबीएची मर्यादा आहे.

सगळीकडून "मर्यादेत आहे" आलं, पण उगम नक्की माहीत आहे आणि त्रास अनेक घरांना आहे, तर उपद्रव म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. इथे वकील घ्या.

बरोबर काय ठेवाल :

- वहीच्या नोंदींची झेरॉक्स, मूळ वही कुणाला देऊ नका
- गल्लीचा आकडे टाकलेला नकाशा
- अॅपचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे, आवाज असतानाचे आणि नसतानाचेही
- ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट
- आवाज ऐकू येणाऱ्या इतर घरांच्या सह्या, फ्लॅट क्रमांकासह
- वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, पत्त्यासाठी
- आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोच

सह्या गोळा करताना "तुम्हालाही येतो ना?" असं विचारू नका. "रात्री काही आवाज जाणवतो का?" एवढंच विचारा आणि ते काय शब्द वापरतात ते लिहा. पढवलेल्या दहा सह्यांपेक्षा आपणहून "घूं येतं बुवा" म्हणणारे दोघे भारी पडतात. आणि अर्जात कुणाचं नाव घालून आरोप करू नका, उगम शोधून द्या अशी मागणी करा. ज्याच्या दारात जायचंय त्याला आधीच शत्रू केलंत तर तो त्याचा पंप बघूही देणार नाही.

८. तोपर्यंत झोप

पलंग भिंतीपासून, विशेषतः कोपऱ्यापासून, ओढा. तीन-चार फुटांनी बराच फरक पडतो, का ते वर आलंच. डोकं कुठल्या बाजूला, हेही बदलून बघा. सासूबाई दक्षिण-उत्तर काढतील, त्यांना आवाजाचं कारण सांगा.

पूर्ण शांतता तुमची शत्रू आहे. पंखा, कूलर, पावसाचा किंवा ब्राउन नॉइजचा (जाड, एकसारख्या खळखळाटाचा) आवाज वूफर असलेल्या स्पीकरवर मंद लावून ठेवा. घूं झाकली जाईल एवढा नको, तिच्या खाली थोडा. हेडफोन लावून मोठ्याने गाणी ऐकत झोपू नका, कान जाईल.

रात्री जाग आली तर वही लिहा आणि वही बंद करा. कान देऊन ऐकत राहू नका. ब्रिटनमध्ये अशा आवाजाच्या त्रासावर ध्वनितज्ज्ञ जेफ लेव्हेन्थॉल यांनी बरंच काम केलं. समुपदेशनाने आवाज जात नाही, पण त्याची धास्ती कमी होऊन झोप सुधारते, असं त्या कामातून दिसतं. मला आधी हे ऐकून चीड यायची. धास्तीचा भाग किती मोठा आहे हे मात्र करून पाहिल्यावर कळलं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, आणि दिवसभर घरात आवाजाचीच चर्चा करू नका. ज्याला ऐकू येत नाही त्याला पटवून देण्यात जाणारी शक्ती शोधाला वापरा.

चुंबकं, तांब्याची पट्टी, "लहरी अडवणारे" स्टिकर विकणारे लवकरच भेटतील. मोबाईल टॉवरच्या लहरी ऐकू येतात असंही सांगतील. टॉवरचा एसी घुमतो, तो बघा.

९. घर बदलायचं ठरलंच तर

शोध घेऊन झाला, अर्ज झाले, उगम नाहीच, आणि झोपही नाही, असं झालं तर घर बदलणं म्हणजे हार नव्हे. फक्त विकत घेऊ नका, आधी भाड्याने राहा. फ्लॅट बघायला सकाळी अकराला नेतात. तुम्ही रात्री बाराच्या पुढे पुन्हा जा, बेडरूमची दारं-खिडक्या लावून पंधरा मिनिटं बसा. बेडरूमच्या भिंतीपलीकडे लिफ्ट आहे का, वर टाकी आहे का, खाली पंपरूम आहे का, ते बघा. पंप कधी चालतो हे बिल्डरच्या माणसाला विचारू नका, रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा.